किडनीचा कॅन्सर मणक्यात पोहोचतो कसा?

पाठराखण

नमस्कार मंडळी. फिजिओथेरपीच्या शेवटच्या वर्षाच्या मुलांसाठी एक टिपण तयार करतेय: पाठदुखीमागे कॅन्सर आहे असा संशय कधी घ्यायचा. स्तन, फुफ्फुस, प्रोस्टेट यांच्याबद्दल हवं तेवढं मिळालं, पण किडनीपाशी गाडी अडली आहे. नीट उलगडून सांगेल का कुणी?

किडनी कण्याला जवळपास खेटूनच असते, म्हणून मुलं धरून चालतात की गाठ वाढत वाढत बाजूच्या मणक्यात शिरत असणार. पण तसं असेल तर डी १२ ते एल ३ (डी म्हणजे छातीचे मणके, एल म्हणजे कमरेचे) एवढ्याच पट्ट्यात आजार दिसायला हवा. प्रत्यक्षात रिपोर्टवर डी ५, डी ८ असे मणके असतात. शिवाय काही रुग्णांची फुफ्फुसं अगदी स्वच्छ असतात आणि मणका मात्र पोखरलेला. हे कसं? आणि किडनी काढून आठ-दहा वर्षं झालेल्या माणसाच्या पाठदुखीकडे या नजरेने बघायचं का?

शेवटचं आणि आमच्या कामाचं: असा रुग्ण आमच्या टेबलावर येऊन झोपला तर काय काय करायचं नाही?

---

रक्तवाहिनी

मुलांचा तर्क चुकीचा आहे, पण तुमची शंका बरोबर जागी बोट ठेवते. किडनी आणि कणा यांच्यामध्ये सोआस स्नायू आणि चरबीचं जाड आवरण असतं. गाठ ते सगळं ओलांडून मणक्याला थेट चिकटली, असं क्वचित आणि फार मोठ्या गाठीतच होतं. बाकी सगळा प्रवास रक्तातून.

किडनीच्या कॅन्सरमध्ये सर्वांत जास्त आढळणारा प्रकार क्लिअर सेल, चारात तीन रुग्णांत तोच. यात पेशीतलं व्हीएचएल नावाचं जनुक निकामी झालेलं असतं. हे जनुक धड असताना एचआयएफ या प्रथिनाची वेळेवर विल्हेवाट लागते. ते बिघडलं की एचआयएफ साठत जातं आणि भरपूर प्राणवायू असतानाही पेशी गुदमरल्यासारखी वागू लागते. ती व्हीईजीएफ हा रक्तवाहिन्या वाढवणारा संकेत सोडत राहते, त्यामुळे नव्या रक्तवाहिन्यांचं रान माजतं. या वाहिन्या कच्च्या, गळक्या भिंतींच्या असतात आणि पेशींना त्यातून रक्तात उतरणं सोपं जातं. या कॅन्सरला शिरेत घुसायची खोडच आहे. साधारण ४ ते १० टक्के रुग्णांत गाठीचं शेपूट रीनल व्हेनमधून, म्हणजे किडनीच्या शिरेतून, थेट आयव्हीसीत, म्हणजे पोटातल्या महाशिरेत गेलेलं असतं.

इथून पुढे दोन रस्ते आहेत.

पहिला नेहमीचा. आयव्हीसी, हृदयाची उजवी बाजू, फुफ्फुसं. बहुतेक पेशी फुफ्फुसाच्या केशवाहिन्यांत अडकतात, म्हणून फुफ्फुस हे या आजाराचं पहिल्या क्रमांकाचं ठिकाण. काही पेशी मात्र तिथून निसटतात आणि हृदयाच्या डाव्या बाजूने महाधमनीत आणि तिथून मणक्यांना रक्त देणाऱ्या धमन्यांत पोहोचतात.

दुसरा रस्ता फुफ्फुसाला वळसा घालतो. कण्याच्या आत-बाहेर, मज्जारज्जूभोवती शिरांचं एक जाळं आहे: बॅटसनचं जाळं. ऑस्कर बॅटसन या अमेरिकन शरीररचनातज्ज्ञाने १९४० मध्ये मृतदेहांच्या ओटीपोटाकडच्या शिरेत रंगद्रव्य सोडून दाखवलं की ते आयव्हीसीला बगल देऊन कण्याच्या शिरांत चढतं. या शिरांना झडपा नसतात. पोटातला दाब वाढला, म्हणजे खोकलो, कुंथलो, जड काही उचललं, की रक्त उलट्या दिशेने कण्याकडे ढकललं जातं. किडनीचा या जाळ्याशी थेट संबंध आहे. डावी रीनल व्हेन ६ ते १० सेंटिमीटर लांब असते (उजवी जेमतेम २ ते ४) आणि तिला बऱ्याच लोकांत मागून कमरेची एखादी शीर येऊन मिळते. तिच्यातून रक्त कण्याच्या जाळ्यात जाऊ शकतं. त्यात गाठीच्या शेपटाने आयव्हीसी तुंबली असेल, तर रक्ताला नाहीतरी तोच पर्यायी मार्ग उरतो.

फुफ्फुसं स्वच्छ आणि मणका बाधित, याचं पुस्तकी उत्तर हे.

---

हाडवैर

रक्तवाहिनी यांनी छान मांडलंय, पण बॅटसनला जरा जास्तच श्रेय मिळतं असं माझं मत. प्रोस्टेटच्या बाबतीत ते जाळं पटतं, कारण तिथे कमरेचे मणके आणि ओटीपोटाची हाडं पुढे असतात. किडनीच्या रुग्णांत मणक्यांबरोबर बरगड्या, मांडीच्या हाडाचं वरचं टोक, दंडाचं हाड, कवटी हेही सापडतं. ही यादी नीट बघा. मोठ्या माणसात लाल अस्थिमज्जा जिथे जिथे शिल्लक असते, त्या जागा या. धमनीतून पेशी सगळीकडेच जातात, पण मूळ धरतात तिथे, जिथे जमीन मिळते.

लाल मज्जेतल्या रक्तवाहिन्या रुंद, रक्ताचा वेग मंद आणि भिंतींना फटी. पेशीला थांबायला वेळ मिळतो आणि बाहेर पडायला वाट. शिवाय मज्जेतल्या पेशी सीएक्ससीएल१२ नावाचा रासायनिक संकेत सोडतात. तो टिपणारा सीएक्ससीआर४ हा ग्राहक व्हीएचएल बिघडलेल्या पेशींवर जास्त प्रमाणात उगवतो. म्हणजे ज्या बिघाडाने कॅन्सर झाला, त्यानेच हाडाकडे जायची ओढही दिली.

आता डी ५, डी ८ का, याचं उत्तर त्यामानाने साधं आहे. छातीचे मणके १२, कमरेचे ५, मानेचे ७ पण आकाराने लहान. मज्जेचा एकूण साठा छातीच्या भागात मोठा, म्हणून निम्म्याहून जास्त आजार तिथे. आणि नेमका याच भागात मज्जारज्जूचा बोगदा अरुंद असतो, त्यामुळे त्रासही तिथेच लवकर.

मणक्यात उतरल्यावर कॅन्सरची पेशी स्वतः हाड खात नाही, हे मुलांना आवर्जून सांगा. ती हाडातल्या पेशींना रँक-लिगँड हा संकेत वाढवायला लावते. त्याने ऑस्टिओक्लास्ट, म्हणजे हाड विरघळवणाऱ्या आपल्याच पेशी चेकाळतात. हाड विरघळलं की त्यात साठवलेलं टीजीएफ-बीटा हे वाढीचं प्रथिन सुटतं आणि त्यावर कॅन्सर आणखी पोसला जातो. प्रोस्टेटमध्ये नवं, दाट हाडही बनतं. किडनीत जवळपास निव्वळ पोखरणंच असतं, म्हणून इथे मणका खचतो जास्त.

आठ-दहा वर्षांनी? हो, बघायचंच. किडनी काढल्यावर दहा वर्षांहून उशिरा उगवण्यासाठी हा कॅन्सर बदनाम आहे. पाच वर्षं गेली, आता सुटलो, हा हिशेब इथे लागू होत नाही. फिजिओच्या केस पेपरवर "पूर्वीची ऑपरेशन्स" असा रकाना असतो, त्यात लोक "मुतखड्यासाठी किडनी काढली" असंही लिहून देतात. कागद मागा. बायोप्सीचा रिपोर्ट कधीकधी घरच्यांनी फायलीत ठेवलेला असतो आणि रुग्णाला पूर्ण सांगितलेलंच नसतं.

---

क्षकिरण

रेडिओलॉजीच्या बाजूने थोडं.

साध्या एक्स-रेवर विसंबू नका. मणक्यातलं ३० ते ५० टक्के हाड जाईपर्यंत तो "नॉर्मल" दिसू शकतो. समोरून काढलेल्या फिल्मवर मात्र एक खूण शोधायला शिकवा. प्रत्येक मणक्याचे दोन पेडिकल (मणक्याच्या धडाला मागच्या भागाशी जोडणारे हाडाचे खांब) दोन डोळ्यांसारखे आणि मधला काटा चोचीसारखा दिसतो. एका बाजूचा पेडिकल गायब असेल तर घुबडाने डोळा मिटल्यासारखं दिसतं आणि आमच्यात त्याला याच नावाने ओळखतात. हे चिन्ह दिसलं त्या दिवशी रुग्णाला ट्रॅक्शनवर (कणा ताणायच्या उपचारावर) घ्यायचं नाही, एमआरआयला पाठवायचं.

बोन स्कॅनही इथे दगा देतो. तो नव्याने बनणारं हाड टिपतो. निव्वळ पोखरणाऱ्या आजारात नवं हाड फारसं बनत नाही, त्यामुळे मोठा खड्डा असूनही स्कॅन थंड राहू शकतो. अल्कलाइन फॉस्फटेज ही रक्ततपासणीही त्याच कारणाने नॉर्मल येऊ शकतं.

खरी तपासणी एमआरआय, आणि तोही पूर्ण कण्याचा. आपल्याकडे पाठदुखी म्हटलं की "एलएस स्पाइन" लिहायची सवय आहे. त्यात वरचा भाग फार तर डी ११-डी १२ पर्यंत येतो. पाय जड पडलेत, कारण डी ६ वर आहे आणि हातात रिपोर्ट "एल ४-एल ५ गादी थोडी सरकली आहे" असा. पन्नाशीपुढच्या बऱ्याच जणांच्या एमआरआयमध्ये सरकलेली गादी सापडते. ती सापडली म्हणून शोध थांबवायचा नसतो. शिवाय एकाच वेळी दोन-तीन ठिकाणी आजार असणं मुळीच दुर्मीळ नाही.

एकच किडनी आहे म्हणून कॉन्ट्रास्टला (चित्र स्पष्ट दिसावं म्हणून शिरेतून देतात त्या औषधाला) घाबरून एमआरआय टाळू नये. कॉन्ट्रास्टशिवायही एमआरआयच्या टी१ प्रकारच्या चित्रावर बाधित मणका काळवंडलेला दिसतो आणि मज्जारज्जू दबलाय का तेही कळतं. क्रिएटिनिन (किडनीच्या कामाची रक्ततपासणी) बघून, लागलंच तर सुरक्षित गटातलं गॅडोलिनियम हे कॉन्ट्रास्ट देता येतं.

---

पाठराखण

फार उपयोगी, आभार! एक उपप्रश्न. आपल्याकडे खचलेला मणका म्हटलं की पहिल्यांदा टीबी डोक्यात येतो. एमआरआयवर दोन्ही वेगळे ओळखता येतात का?

---

क्षकिरण

बहुतेक वेळा, हो. टीबी गादीच्या कडेने सुरू होतो, शेजारचे दोन मणके आणि मधली गादी असं तिघांना धरतो आणि आजूबाजूला पू साठतो. कॅन्सर मणक्याच्या धडात आणि पेडिकलमध्ये बसतो, गादी शाबूत ठेवतो आणि एक मणका सोडून पलीकडचाही धरतो.

पण "बहुतेक वेळा" म्हणजे नेहमी नाही. टीबी कधीकधी गादी सोडून फक्त मणक्याच्या धडात असतो. म्हणून नुसत्या एमआरआयवर टीबीची औषधं सुरू करून "तीन महिने बघू" म्हणणं मला अजिबात मान्य नाही. त्या तीन महिन्यांत कॅन्सर असेल तर माणूस अंथरुणाला खिळतो. सीटीखाली सुईने तुकडा घ्यावा, अर्धा हिस्टोपॅथॉलॉजीला (सूक्ष्मदर्शकाखाली बघायला), अर्धा सीबीनॅट आणि कल्चर या टीबीच्या तपासण्यांना. किडनीच्या कॅन्सरचा इतिहास असेल तर पॅथॉलॉजिस्टला तसं फॉर्मवर लिहून कळवा, म्हणजे ते पॅक्स-८ आणि सीए-नाइन हे डाग लावून बघतील. आणि सुई घालणाऱ्यालाही आधी सांगा, कारण या गाठी भळाभळा वाहतात. मल्टिपल मायलोमा हा अस्थिमज्जेचा कॅन्सरही असाच पोखरतो, तेव्हा रक्ताचं प्रोटीन इलेक्ट्रोफोरेसिस सोबत करून टाकावं.

---

कण्याचा_कारागीर

आता घाई कुठे करायची ते सांगतो.

दुखण्याचे तीन सूर असतात. रात्री आणि आडवं झाल्यावर वाढणारं, आतून ठणकणारं दुखणं हे गाठीचं. उठता-बसता, कूस बदलताना कळ येते ती हाड डळमळीत झाल्याची. आणि छातीभोवती पट्टा आवळल्यासारखं किंवा पायात सणकणारं दुखणं म्हणजे नस दबली. दहातल्या नऊ रुग्णांत पायातली ताकद जायच्या आधी दुखणं आलेलं असतं. त्या काळात पकडलं तर पकडलं.

मज्जारज्जू दबतो कसा? मणक्याच्या मागच्या भिंतीतून गाठ बोगद्यात येते. आधी आतल्या शिरा दाबल्या जातात, रक्त तुंबतं, मज्जारज्जूला सूज येते. इथवर परतीचा रस्ता असतो आणि डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड काम करतं ते याच सुजेवर. पुढे धमन्यांचं रक्त अडलं की मज्जारज्जूचा तो तुकडा मरतो. मग कितीही उत्तम ऑपरेशन करा, पाय परत येत नाहीत. लघवी तुंबणं ही उशिराची खूण आहे. तिची वाट बघू नका. त्याआधी रुग्ण सांगतो की जिना उतरताना पाय लटपटतात, किंवा चप्पल पायातून निसटते आणि कळतही नाही. अशा वेळी तळव्याखाली रेघ ओढून अंगठा वर जातो का, घोट्याला झटका दिल्यावर क्लोनस येतो का, म्हणजे पाऊल आपोआप थडथडत राहतं का, आणि टाचणीने टोचत वर जाताना संवेदना कुठे बदलते, हे तपासायला पाच मिनिटं पुरतात. यातलं काही सापडलं तर २४ तासांच्या आत पूर्ण कण्याचा एमआरआय. डेक्सामेथासोन दिवसाला १६ मिलिग्रॅम, सोबत पोटाचं औषध आणि साखरेवर लक्ष. हे डॉक्टरांनी सुरू करायचं, मेडिकलवाल्याकडून आणून नव्हे. लिम्फोमाचा (लसिका पेशींच्या कॅन्सरचा) संशय असेल तर बायोप्सीआधी स्टिरॉइड दिल्याने निदान पुसलं जाऊ शकतं.

कणा किती डळमळीत आहे ते सिन्स या गुणपद्धतीने मोजतात. सहा बाबी, एकूण १८ गुण. ० ते ६ स्थिर, ७ ते १२ संशयास्पद, १३ पासून पुढे अस्थिर. उदाहरण घ्या: डी १२ म्हणजे सांध्याची जागा, ३ गुण. हालचालीने दुखतं, ३ गुण. हाड निव्वळ पोखरलेलं, २ गुण. मणका खचायच्या आधीच ८ झाले. ७ किंवा त्याहून जास्त झाले की स्पाइन सर्जनचं मत घ्यायचंच. किडनीच्या रुग्णांत पोखरण्याचे ते २ गुण जवळपास ठरलेलेच असतात, हे लक्षात ठेवा.

ऑपरेशनची गंमत, म्हणजे गंमत नव्हेच, रक्तस्रावात आहे. थेट चिरलं तर काही लिटर रक्त जाऊ शकतं. म्हणून आधी एम्बोलायझेशन: जांघेतून कॅथेटर नेऊन गाठीला रक्त देणाऱ्या धमन्यांत बारीक कण सोडून त्या बंद करायच्या. त्यानंतर साधारण एक-दोन दिवसांत ऑपरेशन उरकायचं. फार लांबवलं तर गाठ नव्या वाटांनी रक्त ओढून घेते. एम्बोलायझेशनच्या वेळी अ‍ॅडमकिविझची धमनी शोधावी लागते, बहुधा डी ९ ते एल १ च्या दरम्यान, डाव्या बाजूला. मज्जारज्जूच्या खालच्या भागाचं रक्त तिच्यावर अवलंबून. ती त्याच फांदीतून निघत असेल तर तिथे कण सोडायचे नाहीत, नाहीतर आपल्याच हाताने पाय घालवू.

हल्ली पूर्ण गाठ काढायचा हट्ट धरत नाहीत. वर-खाली स्क्रू-रॉडने कणा धरायचा, मज्जारज्जूभोवती दोन-तीन मिलिमीटर मोकळी जागा करायची आणि उरलेल्या गाठीला नेमका मारा करणारं रेडिएशन द्यायचं. किडनीचा कॅन्सर साध्या रेडिएशनला फारशी दाद देत नाही, असं जुनं मत आहे. १० बैठकांत ३० ग्रे (ग्रे हे रेडिएशनच्या मात्रेचं एकक) देऊन दुखणं कमी होतं, पण गाठ टिकून आटोक्यात राहण्यासाठी एसबीआरटीचा, म्हणजे त्या नेमक्या मारा करणाऱ्या रेडिएशनचा, मोठा डोस जास्त उपयोगी पडतो: २४ ग्रे एक-दोन बैठकांत किंवा २७ ग्रे तीन बैठकांत. त्याची किंमत म्हणजे पुढे तो मणका खचायची शक्यता वाढते.

दबलेल्या मज्जारज्जूसाठी ऑपरेशन का, असं नातेवाईक विचारतात. २००५ मध्ये लॅन्सेटमध्ये आलेल्या पॅचेल यांच्या चाचणीत ऑपरेशन अधिक रेडिएशन गटातले ८४ टक्के उपचारानंतर चालू शकत होते, नुसत्या रेडिएशनच्या गटातले ५७ टक्के. चालण्याची क्षमता टिकली मध्यक १२२ दिवस विरुद्ध १३ दिवस. मात्र यात एकाच जागी दाब असलेले, निदान तीन महिने जगतील असे रुग्ण निवडले होते. सरसकट सगळ्यांना हे आकडे लावू नयेत.

---

गोळीबंद

औषधांची बाजू कुणी घेतली नाही म्हणून.

व्हीईजीएफ अडवणाऱ्या गोळ्या जखम भरू देत नाहीत. ऑपरेशन ठरलं असेल तर काबोझँटिनिब आणि सुनिटिनिब निदान तीन आठवडे आधी बंद, पाझोपानिब निदान सात दिवस, अ‍ॅक्सिटिनिब निदान दोन दिवस. तातडीच्या ऑपरेशनला इतकी सवड नसते. पण शेवटची गोळी कधी घेतली हे सर्जनला माहीत असलंच पाहिजे. नातेवाईकांनी रिकाम्या पट्ट्या फेकू नयेत. हाडात आजार असताना काबोझँटिनिबकडे कल जास्त असतो. निवोलुमॅबसारखी इम्युनोथेरपी चालू असेल तर स्टिरॉइडने तिचा जोर कमी होऊ शकतो. तरीही मज्जारज्जू दबलेला असताना स्टिरॉइड अडवायचं नाही, फक्त काम झालं की लवकर उतरवायचं.

एक किडनी असलेल्याला डायक्लोफिनॅक, अ‍ॅसिक्लोफिनॅक पाठदुखीसाठी सर्रास दिलं जातं. देऊ नये. पॅरासिटामॉल आणि गरजेनुसार ट्रॅमाडॉल किंवा मॉर्फिन, तेही किडनीच्या क्षमतेनुसार डोस ठरवून. आणि रुग्णाला अचानक फार तहान, बद्धकोष्ठ, सुस्ती, असंबद्ध बोलणं सुरू झालं तर मॉर्फिनच्या माथी मारण्याआधी रक्तातलं कॅल्शियम तपासा. हाड विरघळून ते वाढलेलं असू शकतं आणि ती इमर्जन्सी आहे.

---

हाडवैर

पाठराखण, तुमचा शेवटचा प्रश्न राहिला. किडनीच्या कॅन्सरचा इतिहास आणि नवी पाठदुखी असेल, तर एमआरआय येईपर्यंत ट्रॅक्शन नाही, मॅनिप्युलेशन (झटका देऊन मणके हलवणं) नाही, खोल मसाज नाही. गाठीच्या जागेवर शॉर्टवेव्ह आणि अल्ट्रासाउंडचा शेक कधीच नाही. कमरेचा पट्टा बांधून डी ७ स्थिर होत नाही, उगाच खोटा धीर येतो. कूस वळवायची तर दोघांनी मिळून, खांदे आणि कंबर एकाच रेषेत. गावाकडे हाड बसवणाऱ्याकडे जाऊन आलाय का, हेही विचारा, कारण रुग्ण आपणहून सांगत नाही.

ऑपरेशन किंवा रेडिएशननंतर उठवायचं कधी, हे सर्जन किंवा रेडिएशनवाल्यांकडून लेखी घ्या. स्थिर असेल तर लवकर उठवलेलंच चांगलं. या कॅन्सरमध्ये पायातल्या शिरांत गुठळ्या होण्याचं प्रमाण जास्त असतं. एक पोटरी दुसरीपेक्षा सुजलेली वाटली तर चालवण्याआधी डॉप्लर (शिरांची सोनोग्राफी).

गोळीबंद यांच्या यादीत एक भर: हाड वाचवायला झोलेड्रोनिक अ‍ॅसिड ४ मिलिग्रॅम किंवा डेनोसुमॅब १२० मिलिग्रॅम दर चार आठवड्यांनी देतात. क्रिएटिनिन क्लिअरन्स ३० च्या खाली असेल तर झोलेड्रोनिक चालत नाही. डेनोसुमॅब चालतं, पण त्याने कॅल्शियम धोकादायक खाली जाऊ शकतं, म्हणून आधी ड जीवनसत्त्व भरून काढायचं. दोन्हींच्या आधी दंतवैद्याकडे जाऊन किडके दात उपटून घ्यायचे, नंतर उपटले तर जबड्याचं हाड भरून न येण्याचा धोका असतो.